चाळीसावी कुपी

स्टिकर संपले आणि भाविनीच्या हातात एक कुपी उरली.

आधी तिला वाटलं, स्टिकर कुठंतरी चिकटून बसला असेल. रबरी हातमोज्यांना काहीही चिकटतं. तिनं दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिलं, स्टिकरांचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. कागदावर एकोणचाळीस रिकामे चौकोन होते. छापतानाच एकोणचाळीस छापले होते, कारण कॉम्प्युटरला एकोणचाळीसच कुप्या ठाऊक होत्या. चारोटी नाक्यापासून थोडं आत, पाणी आणि माती तपासणारं हे संशोधन केंद्र होतं आणि भाविनी अकरा वर्षं तिथलं स्टोअर सांभाळत होती. गेल्या महिन्यात वरून हुकूम आला की आता वह्या बंद, विषारी कपाटातल्या प्रत्येक बाटलीला रेघारेघांचा स्टिकर लावायचा, म्हणजे कुठली बाटली कुठं आहे ते एका क्लिकवर दिसेल. भाविनीला हुकूम मनापासून आवडला होता. वस्तू जागच्या जागी असली की तिला बरं वाटे. घरी चमचे उलटसुलट पडले तरी ती ते सरळ करून मगच चहा घेई, आणि यावरून घरातले तिची थट्टा करत. आता तीच भाविनी एका बोटाएवढ्या कुपीकडे खुळ्यासारखी बघत उभी होती. निळं झाकण, आत मिठासारखी पांढरी पूड, दहा ग्रॅम. सोडियम अझाइड. नदी-विहिरींच्या पाण्याचे नमुने केंद्रात पोचेपर्यंत त्यात जंतू वाढू नयेत म्हणून कणभर टाकायचं. तेच चिमूटभर माणसाच्या पोटात गेलं तर माणूस उरत नाही. म्हणून तर कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली तिच्याकडे, एक केंद्राच्या प्रमुखांकडे, धर्मेशसरांकडे. वस्तू हरवली की माणूस घाबरतो, हे तिला माहीत होतं. वस्तू सापडल्यावरही घाबरावं, हे मात्र तिला नवीन होतं.

कारण ही कुपी फुटली होती. फुटली होती, तिच्या काचा पुसण्याच्या पाण्याबरोबर गटारात गेल्या होत्या, आणि तसं लिहून सही करून दिलेला कागद धर्मेशसरांच्या फायलीत अकरा महिने पडून होता. सही काळीची होती. काळी म्हणजे केंद्रात झाडूपोछा करणारी मावशी, तलासरीच्या पलीकडून रोज जीपनं येणारी, पन्नाशी ओलांडलेली, बोलायला कमी. फरशी पुसताना ती मागं मागं सरकत जायची आणि दाराशी पोचली की आपण पुसलेल्याकडे एकदा समाधानानं बघायची, तेव्हा भाविनीला ती आपल्याच जातीची वाटायची. जात म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्यांची. गेल्या वर्षी सुरक्षा समिती येणार म्हणून धर्मेशसरांनी पहिल्यांदाच खरी मोजणी करायला लावली. त्याआधी मोजणी म्हणजे काय, तर मागच्या पानावरचा आकडा पुढच्या पानावर उतरवायचा आणि खाली सही ठोकायची. त्या दिवशी सर रजिस्टर घेऊन दाराशी उभे राहिले, भाविनीनं खोका उघडला आणि एकेक कुपी या खोक्यातून त्या खोक्यात ठेवली. सरांनी विचारलं किती, ती म्हणाली एकोणचाळीस. सर म्हणाले परत मोजा. तिनं परत मोजल्या. एकोणचाळीस. रजिस्टरात चाळीस. धर्मेशसर वाईट माणूस नव्हेत. उलट इतके भित्रे की गुजरातीत देवाचं नाव घेत तिथंच खुर्चीवर बसले. स्टोअरमध्ये, कपाट उघडं असतानासुद्धा, तिसरं माणूस एकच जात होतं, आणि ते होतं हातात बादली घेऊन.

दोन तास विचारपूस चालली. काळी एकच सांगत राहिली की तिला काही ठाऊक नाही. मग भाविनीनं तिला बाजूला घेतलं. हे आठवलं की भाविनीला आजही कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटतात. तिनं काळीला सांगितलं होतं, मावशी, चोरी म्हटलं तर पोलीस येतील, फुटली म्हटलं तर फक्त काम जाईल. फुटली म्हणा, सुटाल. हे तिनं मदत म्हणून सांगितलं होतं. खरोखर मदत म्हणूनच. काळीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. कागद सरांनी लिहिला, काळीनं खाली अक्षरं जोडून नाव काढलं. आणि त्यानंतर, नियमात आहे म्हणून, भाविनीनं तिला समजावलं की ती पूड किती वाईट असते, हातानं तोंडात जाऊ शकते, अंगावरचं लुगडं घरी नेऊन धुऊ नका, टाकूनच द्या, पोरंबाळं असतील तर जपा. काळी ऐकत होती. भाविनी जेव्हा समजावून सांगते तेव्हा समोरचा ऐकतोच, तिचा आवाजच तसा आहे.

आता ती खोक्यासमोर उभी होती आणि डोक्यात एकाच वेळी तीन गोष्टी चालू होत्या. काळीनं नेली होती आणि कुणाच्या तरी हातून परत आणून ठेवली? पण कपाट कोण उघडणार? धर्मेशसरांनी स्वतः लपवली, समितीनंतर ठेवली? त्यांना तर झुरळ मारतानाही घाम फुटतो. कंपनीकडून एक जास्त आली होती, मुळात एक्केचाळीसच होत्या, एक खरंच फुटली? हे तिला फार आवडलं, दोन मिनिटं तिनं ते धरून ठेवलं, मग पावतीची आठवण झाली. पावतीवर स्वच्छ चाळीस होत्या, आणि या खोक्यातली एकही अजून वापरायला काढली नव्हती. शेवटी तिनं ठरवलं की वाद नको, मोजूया. दुसरा रिकामा खोका शेजारी ओढला आणि एकेक कुपी उचलून त्यात उभी करत गेली. स्टिकरवाली, स्टिकरवाली, स्टिकरवाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटची ती बिनस्टिकरची. एकोणचाळीस. ती थांबली. एकोणचाळीस कशा? स्टिकरच एकोणचाळीस लागलेत आणि ही वर. तिनं परत मोजल्या, या वेळी घाई न करता, प्रत्येक कुपीला आपलं पूर्ण लक्ष देऊन. एकोणचाळीस. बाहेर हायवेवर ट्रकांचे भोंगे चालू होते, आत एसीचं पाणी डब्यात ठिबकत होतं, आणि भाविनीला वाटलं की आपल्याला काहीतरी होतंय. शाळेत तिचा गणितात नेहमी पहिल्या पाचांत नंबर असे. चाळीस ही काय मोठी संख्या आहे? दुधाच्या पिशव्यांचा हिशेबही याहून अवघड असतो. तिनं हातमोजे काढले, हात धुतले, खुर्चीत बसली, आणि समोरच्या चाळीस किंवा एकोणचाळीस कुप्यांकडे बघत राहिली.

धर्मेशसरांना सांगितलं तेव्हा ते आधी खूश झाले. म्हणाले, सापडली ना, उत्तम, आणखी एक स्टिकर छापा, शेऱ्यात लिहा, जुना साठा आढळला. तिनं विचारलं, आणि त्या मावशींचं काय? सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की त्या बाईनं स्वतः लिहून दिलंय फुटली म्हणून, आपण कुणीच तिला सांगितलं नव्हतं. भाविनीनं मान खाली घातली. सरांना हे खरंच माहीत नव्हतं, की ते कुणी सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये आता दोन नोंदी होणार होत्या, एक फुटलेल्या कुपीची आणि एक सापडलेल्या कुपीची, आणि दोन्ही नोंदी सुखानं शेजारी शेजारी राहणार होत्या. कागदाला काय, त्याला दोन्ही खरं वाटतं. तिला वाटत नव्हतं. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही, आणि सकाळी उठली तेव्हा रविवार होता.

डहाणूजवळच्या आगरला तिच्या आईचं घर. विठाबाई सत्तरीची, पण अजून सुक्या मासळीची विक्री स्वतःच्या हातानं करणारी, मुलीनं शहाणपण शिकवलेलं अजिबात न खपवून घेणारी. रविवारी भाविनी तिच्याकडे जाऊन बसते. कधी मदत करते, बहुतेक वेळा नुसती वासात बसते. त्या सकाळी डहाणूहून एक बाई सुक्या वाकट्या न्यायला आली होती. अंगणात विठाबाई एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत जुड्या टाकत होती. भाविनीचं लक्ष नव्हतं. तिच्या मनात काळीचं नाव काढतानाचं अक्षर होतं, काना देताना पेन कागदात रुतलं होतं ते. आईचा आवाज कानावर येत होता तसा येत होता, लहानपणापासून येतोय तसा. लाभ. एक. दोन. तीन. पहिली जुडी टाकताना लाभ म्हणायचं, ती गिऱ्हाइकाची, मोजणीत धरायची नाही. मोजणी दुसऱ्या जुडीपासून. भाविनीनं वीस वर्षं आईबरोबर अशाच जुड्या टाकल्या होत्या. लग्न झालं, एम.एस्सी. झाली, नोकरी लागली, पण हात मात्र इथंच बसून राहिले होते. या खोक्यातून त्या खोक्यात. एकेक. ओठ हलतात, आवाज नसतो. ती एकदम उठली. तिनं आईला विचारलं की पहिली जुडी तू कधीच मोजत नाहीस ना, कधीच म्हणजे कधीच, चुकूनसुद्धा? विठाबाईनं जुडी हातात धरून मुलीकडे पाहिलं, हिला काय झालं अशा नजरेनं.

"लाभ मोजायचा नसते गो," विठाबाई म्हणाली. "तो द्यायचा असते. हाताला सांगाया लागत नाय."

भाविनी पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. आनंदाचं नव्हतं, दुःखाचंही नव्हतं, लाजेचं होतं. एवढी शिकलेली बाई, हातमोजे घालून, दोन कुलपांमागे, जगातलं एक जहाल विष मोजताना पहिल्या कुपीला मनातल्या मनात लाभ म्हणत होती आणि बाजूला ठेवत होती. दोनदा. आणि त्या लाभापायी एका बाईचं काम गेलं. विठाबाईला वाटलं जावयाशी भांडण झालं असेल, तिनं चहा टाकायला घेतला. भाविनीनं चहा घेतला नाही. ती डहाणूला गेली, तिथून चारोटी, तिथून तलासरीची शेअर जीप. जीपमध्ये दाबून बसल्यावर ती मनात वाक्यं जुळवत राहिली. मावशी, माझी चूक झाली. मावशी, कुपी तिथंच होती. मावशी, सरांशी मी बोलते, तुम्ही उद्यापासून या. शेवटचं वाक्य तिला फार चांगलं वाटलं, ते ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, आणि दर वेळी धर्मेशसर चष्मा पुसताना दिसत होते. मग तिला शंका आली की लाभाचं सगळं खरं असलं, तरी कालच्या मोजणीत आपण नेमकं काय केलं? स्टिकर लावताना एकेक कुपी उचललीच होती. तेव्हा मोजलं नव्हतं. तेव्हा मोजलं नाही म्हणूनच बरोबर आलं का? पण मग स्टिकर नीट एकोणचाळीस होते हे कुणी मोजलं? तिनंच. तिच्या डोक्यातले आकडे जीपच्या धक्क्यांनी खाली-वर होत राहिले आणि तलासरी आली तेव्हा तिला एवढंच नक्की माहीत होतं की जायला हवं.

पाडा उधव्याच्या रस्त्यापासून आत होता. काळीचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, अंगण इतकं स्वच्छ की भाविनीनं चपला बाहेरच काढल्या. काळी ओट्यावर बसली होती. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. भाविनीला बघून ती उठली नाही, घाबरलीही नाही, नुसती थोडी सरकली आणि बसायला जागा केली. आतून तिची सून सरिता कडेवर वर्षाचं पोर घेऊन आली आणि पाणी दिलं. पोर आजीकडे झेपावलं. काळीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. सरितानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, जणू हे रोजचंच होतं. भाविनीनं ते पाहिलं आणि तिला समजलं नाही, म्हणून ती घाईघाईनं बोलायला लागली. कुपी, कपाट, स्टिकर, लाभ, आई, जुड्या, सगळं उलटसुलट सांगून झालं. माफ करा, असंही म्हणाली. काळी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"पन ती फुटली ना," काळी म्हणाली. "माझ्या हातानं फुटली. मना आवाज आठवते. काच वाजली ना मी पोछा मारला."

भाविनीनं सांगितलं की तसं काही झालं नव्हतं, आपणच तिला तसं म्हणायला सांगितलं होतं. काळी नाही अशी मान हलवत राहिली. तिला बादली आठवत होती, तिच्यात पडलेले तुकडे आठवत होते, झाकण निळं होतं हेसुद्धा आठवत होतं. भाविनीला क्षणभर वाटलं, निळं झाकण हिनं कपाट उघडं असताना कधीतरी पाहिलं असणार. मग वाटलं, पाहिलं नसेल तर? सरिता दारात उभी राहून हळू आवाजात बोलायला लागली. सासरा, म्हणजे काळीचा नवरा धाकल्या, काळीला कामावरून काढल्यानंतर दोन महिन्यांनी गेला. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. कासा गावच्या डॉक्टरनं कावीळ सांगितली. पण सासूनं तेव्हापासून मनात घेतलंय की ते विष तिच्या हाताबरोबर घरी आलं. लुगडं जाळलं, भांडी टाकली, तरी आलं. तेव्हापासून ती चुलीपाशी जात नाही, पोराला घेत नाही, स्वतःचं ताट वेगळं ठेवते. बोलता बोलता सरितानं भाविनीकडे पाहिलं. चिमूटभर पोटात गेलं तर माणूस उरत नाही. पोरंबाळं असतील तर जपा. तिचाच आवाज, नीट समजावून सांगणारा.

मग ती काळीच्या जवळ सरकली आणि म्हणाली की आता सगळं विसरा, मी काल दोनदा, तीनदा मोजलंय, कुप्या पूर्ण चाळीस आहेत, एकही बाहेर गेलेली नाही, तुमच्या हाताला कधी काही लागलंच नव्हतं. आकडा दोन्ही वेळा एकोणचाळीस आला होता हे न सांगता ती हे अगदी ठासून म्हणाली. काळीनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच भाविनीला जड गेलं.

"तवा बी तू दोनदाच मोजला होतास, बाय," काळी म्हणाली.

भाविनीजवळ कागद नव्हता, कुपी नव्हती, कुपी आणताही आली नसती. होती ती फक्त तिची मोजणी, आणि ती मोजणी या घरात एकदा येऊन गेली होती. अंगणात कोंबडी फिरत होती, पलीकडे कुणाचा तरी मोबाइल वाजत होता. मग भाविनीला दुसरं काही सुचलं नाही म्हणून ती म्हणाली की मावशी, मी सकाळपासून काही खाल्लं नाही, मला भूक लागलीय. सरिता लगेच चुलीकडे वळली. भाविनी म्हणाली, सरिता नको.

"तुमच्या हातची भाकरी द्या मला," ती काळीला म्हणाली. "मी खाते. बघा तुम्ही."

काळी हलली नाही. सरितानं तिच्याकडे पाहिलं, भाविनीकडे पाहिलं, आणि तांदळाच्या पिठाचा डबा बाहेर काढून चुलीपाशी ठेवला. खूप वेळानं काळी उठली. तिनं हात धुतले. साबणानं धुतले, मग राखेनं, मग परत साबणानं, नखांच्या आतपर्यंत, आणि तेवढा वेळ सरिता तांब्यानं पाणी ओतत राहिली. पीठ मळताना काळीचे हात आधी अडखळले, मग अकरा महिने काही घडलंच नाही असे चालायला लागले. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला तसं कडेवरचं पोर थांबून तिकडे बघायला लागलं. भाकरी तव्यावर फुगली. काळीनं ती ताटात ठेवली, बाजूला मिठाचा खडा आणि मिरची, आणि ताट दोन्ही हातांनी भाविनीपुढे सरकवून समोर बसली.

भाविनीनं तुकडा मोडला. गरम होता, बोटं भाजली. तिला बरं वाटलं, अकरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी बरोबर होत असल्यासारखं वाटलं, तिनं घास तोंडात घातला, चावला, आणि त्याच वेळी नको तो विचार आला. एकोणचाळीस चौकोन. ते तरी तिनं कसे मोजले होते? पहिल्या चौकोनाला ती काय म्हणाली होती? आणि पावतीवरच्या चाळीस कुप्या, त्या आल्या तेव्हा खोक्यातून कुणी काढल्या होत्या? काळीला काच वाजलेली आठवत होती. एवढी स्वच्छ आठवण नसलेल्या गोष्टीची असते का? हे सगळं वेडेपणाचं आहे, धुतलेल्या हातांवर अकरा महिने काही टिकत नाही, हे ती एम.एस्सी. झालेली बाई पुरतं जाणून होती. तरी घास जिभेवर थांबला. थांबायचं नाही, हे कळत असताना थांबला. एवढासाच वेळ. मग तिनं गिळला.

काळीनं ते पाहिलं होतं. तिनं हात पुढं केला, ताटाची कड धरली आणि ताट हळूहळू आपल्याकडे ओढायला लागली. भाविनीनं दुसरी कड धरली. तिनं ताट सोडलं नाही, आणि एका हातानं पुढचा तुकडा मोडला.